मामांच्या मागावर

उदगीरच्या परोपकारी माणसांनी जेवढा जाच माझ्या बायकोच्या मामांचा केला, तेवढा दुसऱ्या कुणाचा केला नसेल. मामांना जन्मापासून दिसत नाही. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली. अजूनही घरी फोन वाजला की ‘कोण हवंय?’ असं खात्याच्या आवाजात विचारतात आणि शेजारीच बसलेल्या मामींना ‘तुमचा कॉल’ म्हणून जोडून देतात. हा माणूस पांढरी काठी घेऊन कोपऱ्यावर नुसता उभा राहिला, तरी कुणीतरी येऊन दंड धरतं आणि रस्ता ओलांडून देतं. ओलांडायचा कुणाला असतो? ते दूधवाल्याची वाट बघत असतात. गुरुवारी दत्ताच्या देवळात, शुक्रवारी दर्ग्यात, असे ते न विचारता पोचते झालेत. आणि मामा पक्के बौद्ध. “लोकं पुण्य कमवायलेत,” ते म्हणतात, “चालावं मला लागतंय.”

त्यांचा नियम साधा आहे. मला धरू नका, मी तुमचं कोपर धरतो. आमच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडातल्या पाहुण्यांकडून हे घोटवून घेतलं होतं. त्यात मी नापास झालो. मी ओढतो म्हणे. तेव्हापासून त्यांनी माझ्या कोपराला कधी हात लावला नाही.

गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात मामा पडले. खरचटण्यावर भागलं, पण मामींनी धास्ती घेतली आणि त्यांचं एकट्यानं बाहेर जाणं बंद केलं. मामा खिडकीशी बसून राहायला लागले. बघवत नव्हतं. त्यातच नांदेडहून एक संशोधक बाई आल्या. दिसत नसलेली मोठी माणसं बाहेर कशी फिरतात, त्यांना काय अडतं, हे त्या घरोघर विचारत होत्या. मामांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मामींनी दिलं. ‘एकटे बाहेर जाता का?’ यालाही ‘न्हाई जात’ मामीच म्हणाल्या. “जाऊ देत न्हाईत, असं लिवा,” मामा म्हणाले. बाईंनी मग त्यांना अशा माणसांच्या लातूरच्या बैठकीलाच बोलावलं.

जाईन तर एकटा, असं मामा हटून बसले. शेवटी मामी म्हणाल्या, “जावा. पण कुठं चुकलात तर पुन्हा उंबरा ओलांडायचा न्हाई.” मामांनी शब्द दिला. मामींनी मागच्या खोलीत जाऊन मला फोन लावला. गुपचूप मागं राहायचं, एवढंच माझं काम.

मला त्या दिवशी सर्दी, तरी उदगीरला मी त्यांच्याच गाडीत मागच्या बाकावर बसलो. लातूरच्या स्टँडवर मामा उतरले आणि रिक्षाकडे वळणार, तोच दोन भल्या माणसांनी त्यांना उचलल्यासारखं करून लातूरजवळच्या मुरुडच्या गाडीत बसवलं. काठीवाला माणूस स्टँडवर आहे म्हणजे त्याला गाडीच पाहिजे असणार. मीही मागून चढलो आणि मामांना दिसू नये म्हणून तोंडासमोर पेपर धरला. हो, मामांना. हसा खुशाल. पेपर खाली केला तेव्हा गाडी लातूरबाहेर पडली होती आणि मामांच्या जागी एक आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, मधी थांबा न्हाई. मुरुडपर्यंत जावंच लागलं. माणूस कुठं शोधायचा आणि मामींना काय तोंड दाखवायचं?

परतून घामाघूम होऊन मी बैठकीच्या हॉलवर पोचलो, तर मामाच बोलत होते. कुणी फुटपाथ मागितले होते, कुणी बसमध्ये थांब्याचं नाव पुकारायला सांगितलं होतं.

“मला चुकायची मुभा पाहिजे,” मामा म्हणाले. “डोळस माणूस वाट चुकला तर चार जणांना इचारतो आन् जातो. मी एकदा चुकलो की जन्माचा घरात बसतो.”

नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

“या जावईबापू,” मामा म्हणाले. “मुरुड कसं काय? मी तर स्टँडवरच उतरलो. उदगीरपासून शिंकायलात.”

बाहेर आल्यावर मामींचा फोन आला. कुठं चुकले न्हाईत ना, म्हणून त्यांनी विचारलं. मामा शेजारीच उभे होते, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून. असं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“न्हाई मामी,” मी म्हणालो, “मामा कुठंच चुकले न्हाईत.”

मामांनी चाचपून माझं कोपर धरलं. “चला,” म्हणाले, “तुम्हाला स्टँडवर सोडतो.”

आता मामा लातूरला जातात, नांदेडलाही जातात. मामी दारात उभ्या राहतात, पण मला फोन करत नाहीत. कधी उदगीरला गेलो तर मामा घरी भेटतीलच असं नाही. मग मी त्यांच्या खिडकीशी बसून चहा घेतो आणि वाट बघतो.