शेवटच्या दोन थापा

कुठल्याही जत्रेचं नाव काढलं की आमच्या ढोलवाल्या तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वर काय हाय?" देव कुठला, गर्दी किती, जेवणाची सोय कशी, यातलं काही ते विचारत नसत. वर मंडप आहे म्हटलं की तंबाखूची चंची आवळत आणि विषय संपत असे. "छताखाली आवाज मरतोय, गुरुजी. जत्रा म्हंजी वर आभाळच पायजे." सभागृहातल्या एका चांगल्या कार्यक्रमाला त्यांनी असाच नकार दिला तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. त्याचा अर्ज मी दोन दिवस खपून भरला होता.

मी तेव्हा जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या कडेच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. ढोलाच्या तालावर गजी नाच करणाऱ्या तात्यांच्या मंडळात सगळे मेंढरं राखणारे. ऑनलाइन अर्ज भरणं आणि परमुलखात हिंदी बोलणं, ही दोन कामं आपसूक माझ्या गळ्यात पडली. कुरकुर करत का होईना, मी ती करत राहिलो, कारण तात्यांचा ढोल ऐकण्यासारखा होता. वाजवण्याआधी ते शेकोटीवर त्याचं कातडं तापवत, बोट मारून बघत, पुन्हा तापवत. मी घाई केली की म्हणत, "दमानं घ्या. थंडा ढोल झूट बोलतोय."

वाजवण्यात मात्र त्यांची एक खोड होती. घरचा म्हणून त्यांचा एक ठेका होता. तो रंगात आला की शेवटच्या दोन थापा ते मारतच नसत. हात वर धरून, मान एका बाजूला कलती करून थांबत. नाचणाऱ्यांचे पाय अधांतरी राहत, झांजवाले एकमेकांकडे बघत. म्हातारा विसरायला लागला, असं मंडळातली नवी पोरं म्हणत. मीही एकदा चेष्टा केली, "तात्या, दोन थापा घरी विसरून आलात का?"

ते हसले नाहीत. "त्या माझ्या न्हाईत," एवढंच म्हणाले.

त्या सोपानच्या होत्या, हे मला पुढं मंडळातल्या जुन्या गड्यांकडून कळलं. सोपान त्यांचा एकुलता एक मुलगा, जोडीचा ढोल तोच वाजवायचा. बापानं ठेका उचलायचा आणि लेकानं शेवटच्या दोन थापांनी तो मिटवायचा, ही त्या घराची रीत. चारठाण्याच्या बाजूला एका जत्रेत भर रिंगणात ठेका मोडला आणि तात्यांनी सगळ्यांदेखत सोपानच्या मुस्काटात दिली. बावीस वर्षांचा, लग्न ठरलेला मुलगा. त्यानं गळ्यातला ढोल खाली उतरवला, त्याच्यावर आपलं घोंगडं नीट पांघरलं आणि चालू लागला. तो गेला तो गेलाच. पुढं मानवतच्या बाजारात कुणीतरी म्हणालं की सोपान राजस्थानात, तिकडच्या मेळ्यांमधून ढोल वाजवत फिरतोय. बाजारातली बातमी. ती खरी की खोटी, हे बघायला कोण एवढ्या लांब जाणार? तात्या गेले.

एकदा नाही, पाच वर्षं गेले. मंडळाला कुठून ना कुठून बोलावणं मिळवायचं आणि निघायचं. त्या मुलखातले कोणते उत्सव बघण्यासारखे आहेत, असं लोक मला अजून विचारतात. मी काय सांगू? मी ते सगळे तात्यांच्या कानानं पाहिले. डोंगरावरच्या तळ्याकाठी उन्हाळ्यात उत्सव भरतो. गार वारा, होड्या, हिरवी झाडी, मी तर हरखून गेलो होतो. तात्यांनी ठेका वाजवला, थांबले, आणि समोरच्या कड्यावरून थापा आल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर खरं वाटलं. ते त्यांच्याच ढोलाचे पडसाद होते. "डोंगर मानसाला फसवतोय," म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. उंटांच्या जत्रेत भोंगेच फार. "हितं कुनाला काय ऐकू यायलंय?" त्यांचा खरा भरवसा होता तो वाळवंटातल्या माघातल्या उत्सवावर. रेतीवर आवाज कुठं अडकत नाही, असं ते म्हणत.

शेवटच्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितलं होतं, आणि मी अर्ज भरणार नाही म्हणून हटून बसलो होतो. तात्या शाळेत आले. "ह्या डाव न्यावंच लागतंय, गुरुजी. पाया पडतो तुमच्या." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस खरोखर वाकला. मला स्वतःची लाज वाटली. मी अर्ज भरला.

दुपार कलली होती. वाळूच्या टेकडीखाली रंगीत फेटे, सजवलेले उंट, देशोदेशींचे पाहुणे. तात्यांनी ठेका उचलला. हात कापत होता, पण ठेका पक्का होता. शेवटाला आले, थांबले, मान कलती केली.

गर्दीच्या पलीकडून दोन थापा आल्या. नेमक्या जागेवर.

तात्या धावले. गळ्यात ढोल, पाय वाळूत रुतताहेत, पडले, उठले, पुन्हा धावले. मी मागं. माणसं बाजूला सारून आम्ही पोचलो तेव्हा समोर तिकडचाच एक ढोली उभा होता, पांढऱ्या मिशांचा, तात्यांच्याच वयाचा. त्यानं हात जोडून हिंदीत सांगितलं की पाहुण्याचा ठेका अर्धाच राहिला, म्हणून त्यानं पुरा केला, चुकलं असेल तर माफी असावी. तात्यांनी त्याच्या मागं बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. मग त्याचा हात हातात घेतला. "लय चोख वाजवलं, बाबा," म्हणाले, आणि खाली वाळूत बसून मोठ्यानं रडायला लागले. मी त्यांच्या गळ्यातला ढोल काढून घेतला.

फेट्याच्या शेवानं डोळे पुसून ते म्हणाले, "त्या दिशी ठेका सोपानचा चुकला नव्हता, गुरुजी. त्याच्या दोन थापा मीच मारल्या, धुंदीत. त्यानं ठेका सावरायला हात रोखला. लोकाम्होरं माझी चूक दिसू नये मनून म्या त्यालाच हानलं."

"हे मंडळात कुणाला माहीत आहे?"

"कुनालाच न्हाई. आदी त्याला सांगायचं होतं."

त्याच वैशाखात तात्या गेले. सोपानच्या ढोलावरचं घोंगडं काकूंनी, त्याच्या आईनं, अजून काढू दिलेलं नाही. मंडळ येलदरीच्या बाजूला वाजवायला जातं, आणि तात्यांच्या जागी उभा राहणारा गडी ठेक्याच्या शेवटाला आपण होऊन थांबतो. नाचणारेही आता कुरकुर करत नाहीत. मी कडेला उभा राहून ऐकतो. दोन थापा येत नाहीत.

तात्यांनी मला कुणाला सांगू नका म्हटलं नव्हतं आणि सांगा असंही म्हटलं नव्हतं. मी माझ्या जबाबदारीवर लिहितो आहे. सोपान, कुठं असशील तिथं हे वाच, नाहीतर कुणाकडून वाचून घे. त्या दिवशी तू चुकला नव्हतास. एवढंच सांगायला तुझा बाप वाळवंटापर्यंत आला होता.