थायॉलचा वास

माझ्या अंगाला तेव्हा गॅस गळल्यासारखा वास यायचा. थट्टा नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात जे घाण वासाचं द्रव्य मिसळतात, त्याच कुळातली थायॉलं मी नांदेडच्या प्रयोगशाळेत रोज हाताळत होते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचा जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा पापुद्रा घ्यायचा. त्यात कुठे कुठे गंधकाचा अणू गळालेला असतो. थायॉलचं गंधकाचं टोक त्या रिकाम्या जागी जाऊन बसतं आणि पृष्ठभागाचा स्वभावच बदलतो. पीएचडीचा माझा विषय एवढाच. पण कितीही काळजी घेतली तरी वास ओढणीत, केसांत शिरायचा. एकदा तर रिक्षावाल्याने मध्येच उतरून स्वतःची टाकी तपासली.

आम्ही अहमदपूरचे. भाड्याच्या दोन खोल्यांत माझ्यासोबत राहायला आलेली आई सुरुवातीला रोज शेगडी तपासायची आणि मला विचारायची. एकदा मी फाडकन म्हणाले, हा माझ्या कामाचा वास आहे, पुन्हा विचारू नकोस. तिने पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी लातूरहून परतले. तिथल्या एका कॉलेजातल्या यंत्रावर दोन दिवस नमुने तपासले होते. थायॉल नीट बसलंच नव्हतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. घरात पाऊल टाकताच वास आला. आई चहा ठेवायला आत गेली. मी सवयीने ओढणी नाकाला लावली, तर ओढणीला नुसता एसटीतल्या धुळीचा वास. धुण्याची बादली रिकामी होती. मग लख्ख आठवलं, दोन दिवसांत मी थायॉलची बाटली उघडलीच नव्हती.

आत लायटरचा खटका वाजला.

आमचा लायटर जुना, दोन-तीनदा दाबल्याशिवाय पेटायचा नाही. मी धावत जाऊन आईचं मनगट धरलं. ती घाबरून दिव्याच्या बटणाकडे वळली, तर तिचा दुसरा हातही खाली ओढला. शेगडी बंद केली तरी टाकीपाशी फुसफुस चालूच होती. रेग्युलेटर बंद करून काढला, खिडक्या सताड उघडल्या आणि आईला अंगणात आणलं.

मी इतकी कधीच घाबरले नव्हते. आईला विचारलं, वास कधीपासून येतोय? दुपारी टाकी बदलली तेव्हापासून, ती म्हणाली. समोर दोरीवर माझे सगळे कपडे वाळत होते.

"तुझ्याच कपड्यांचा आसंल म्हणून समदे दोनदा धुतले," ती म्हणाली. "तरी जाईना. फोन करणार व्हते. पण तू चिडतीस."