उत्तमकाकांनी दोनदा वाजवलेला ढावलो

आदरणीय उत्तमकाका राठोड यांची आणि माझी पहिली भेट हिंगोलीत, आमच्या स्टुडिओच्या दारात झाली. सेनगावच्या जीपमधून ते उतरले तेव्हा एका हातात गोधडीत गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार होती आणि दुसऱ्या हातात स्वतः दुरुस्त केलेला अँप्लिफायर. मागे काकू, जेवणाचा डबा घेऊन. तोवर आमच्याकडे हळदीची गाणी आणि भोंग्यावरच्या जाहिराती एवढंच रेकॉर्ड होत असे. मी तिथला रेकॉर्डिस्ट, शिक्षण नववीपर्यंत. काकांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात मोठी माणसं लिहिणार असल्याने मी हा लेख तीनदा उतरवून काढला आहे. त्यात एक कबुली आहे, ती मात्र तिन्ही वेळा तशीच ठेवली.

काकांनी उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. तरुणपणी कुणीतरी त्यांना लेबल निघालेली एक कॅसेट दिली. त्यात अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या ब्लूज संगीताची गिटार होती. "भाषा कळली न्हाई," काका सांगतात, "पण वाटलं, ह्यांच्यात बी पोरी ढावलो म्हणत असतील." ढावलो म्हणजे बंजारा तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते गाणं. काकांची थोरली बहीण, जिला ते बाई म्हणत, असाच ढावलो म्हणून सासरी गेली. ती आता हयात नाही. तिचा तो सूर काका तार ओढून काढतात. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांकडून ते पैसे घेत नाहीत, पण पहिला धडा ठरलेला असतो: "आधी घरी जाऊन आजीकडून ढावलो ऐकून ये."

त्या दिवशी त्यांना हाच ढावलो रेकॉर्ड करायचा होता. घाई होती, कारण डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकलं की अडकून बसत होतं. त्याची शस्त्रक्रिया आठ दिवसांवर आली होती, आणि तार ओढायचं तेच बोट. पुढे वाजवता येईल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

काकांनी कूलर बंद करायला लावला, चपला काढल्या आणि प्लायवूडवर उभे राहिले. पहिल्याच झटक्याला माझ्यासमोरचा, आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा पेटला.

"काका, आवाज कमी करा. फाटतोय."

"फाटू दे. रडताना कोणी मोजून रडतं व्हय?"

"घरी बी असंच हाय," काकू दारातून म्हणाल्या. "शेजारी इचारतेत, भांडण लागलं का काय."

मग काका जे वाजवत सुटले, तसं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. पाय प्लायवूडवर आदळत होता, खिडकीची काच थरथरत होती, आणि तार सुराच्या खालून वर चढताना हुंदक्यासारखी अडखळत होती. मला मात्र लाल दिव्याचीच धास्ती लागली होती.

पुढचे दोन दिवस मी ती रेकॉर्डिंग साफ केली. अँप्लिफायरची घरघर काढली, पायाचा आवाज काढला, श्वास काढले. अडखळणारे सूर संगणकावर ओढून सरळ केले. दोन फाइलींत घोटाळा होऊन चुकीची बाहेर जाईल, या भीतीने मूळ फाइल पुसून टाकली.

काका-काकू ऐकायला आले. थोडं ऐकून काकू म्हणाल्या, "हे कोण वाजवून राहिलं? पोरगं गुणी दिसतं. पण आपल्या घरचं न्हाई."

काका म्हणाले, "पहिलं लाव."

मी मान खाली घालून माउस उगाच फिरवत राहिलो. तेवढ्यात स्टुडिओचे मालक आत आले. "काय तकलीफ झाली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं. "काही न्हाई मालक. माझंच मला पसंत पडलं न्हाई. परत वाजवतो म्हणलो."

बोट तोवर सुजलं होतं. मधल्या बोटाचा रेटा देऊन त्यांनी तार ओढली. पहिल्यापेक्षा जोरात वाजवलं. दिवा सुरुवातीपासून लालच होता आणि मी दोन्ही हात मांडीखाली धरून बसलो होतो. काकूंनी डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं. शेवटच्या सुरावर बोट सुटलं, तार किंचाळली आणि काकांच्या तोंडून "हं" निघालं.

मी भीत भीत म्हणालो, "काका, शेवटचं तेवढं..."

"राहू दे," ते म्हणाले. "तिथंच बाई गाडीत बसली."

आज गावोगावी मोबाइलवर ऐकतात ती हीच रेकॉर्डिंग. किंचाळी आहे, "हं" आहे, घरघरही आहे. शस्त्रक्रियेनंतर बोटाचं दुखणं गेलं, पण तार ओढण्याची ताकद अजून आलेली नाही. मालकांना खरी हकीकत आज, हा लेख वाचूनच कळेल. त्यांनी काय म्हणायचं ते मला म्हणावं. काकांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली, ती त्यांच्या नावावर राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

काकांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्या बोटात पुन्हा बळ येवो. काका, तिसऱ्यांदा वाजवायला या. कूलर बंद असेल, आणि आवाजाच्या बटणाला माझा हात लागणार नाही.