पस्तीसच्या काट्यावर

आता आमच्या येडेपणाचं काय सांगायचं? पर तुमी बसलाच हाय आन चहा बी उकळायला येळ हाय, तर सांगतो. हसायचं तिथं खुशाल हसा. आमच्या घरातली तर अजून हसत्यात.

माझ्याकडं एक जुना डिझेल ट्रक हाय. तीस वर्सं झाली. पालीच्या अलीकडं, राजगडाच्या पायथ्याला आमची वाडी. नसरापुरातनं पेंड, खत, सिमेंट भरायचं आन वाड्यावस्त्यांवर पोचवायचं, एवढंच माझं काम. शाळा म्या बाहेरनंच बघितली. पर गाडीचा आवाज ऐकून तिचं काय दुखतंय ते सांगतो, एवढी इद्या हाय.

आमचा पोरगा संपत भोरला कचेरीत नोकरीला. हिशेबाचा पक्का गडी. एक दिस जेवता जेवता म्हणला, "आबा, गाडी इकून टाकू."

"का रं? तुझं काय खाती ती?"

"माझं न्हाई, डिझेल खाती. लिटरला पाच किलोमीटर. एवढ्यात दुसऱ्यांच्या गाड्या दुप्पट जात्यात. किकवीचं एक गिऱ्हाईक हाय, इचारतंय."

म्या भाकरी चावत बसलो. मनात म्हणलं, गाडी गेली तर सकाळी उठून जायाचं कुठं? वट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "कुठं निघालास?" इचारायचं, आन तो गेला की दुसऱ्याची वाट बघायची? असले चार म्हातारे वाडीत हायतच. पाचव्याची गरज न्हवती.

मग सावकाश म्हणलं, "गाडी खादाड न्हाई. चालवणाराचं चुकतंय. परतेक गाडीची एक स्पीड असती, तिच्यावर ती कमी खाती. ती म्या हुडकतो."

"हुडका," संपत म्हणला. "लिटरला सात दाखवा. दिवाळीपतुर गिऱ्हाइकाला थांबवतो."

झालं, लागलो कामाला. आता गाडीचा स्पीडचा काटा चालू, पर डिझेलचा काटा कवाच मेला. त्याची काळजी मला कवा न्हवती. माझी बांबूची काठी हाय. टाकीत बुडवायची, वर काढायची, वलं कुठवर लागलंय ते बोटांनी मोजायचं. तीस वर्सं असंच चाललंय, रस्त्यात कवा उभा ऱ्हायलो न्हाई.

पयल्या दिशी साठनं गेलो. दारातनं निघताना काठी बुडवली, माघारी दारात येऊन बुडवली. चार बोटं डिझेल गेलं. दुसऱ्या खेपंला पन्नासनं. साडेतीन बोटं. म्हणलं, आपण वाटंवर हाय. अजून हळू जाऊ.

तिसऱ्या दिशी पस्तीस धरायची हुती. पर सकाळी घाईत काठी बुडवायची इसरलो. आठवलं ते नसरापुरात, पेंडीची पोती भरताना. तिथंच बुडवली, खूण केली, आन पस्तीसच्या काट्यावर घराकडं निघालो.

पस्तीस म्हंजे किती हळू, ते मागनं येणाऱ्याला इचारा. गडावर निघालेल्या पोरापोरींच्या मोटारींची रांग लागली. एक मोटार शेजारनं गेली, आतल्या पोरीनं काच खाली केली.

"काका, गाडी बंद पडलीय का?"

"न्हाई बाय. चाललीय."

ती बिचारी बराच येळ माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिला पटलं न्हाई.

घरी आलो, दारात गाडी लावली. आमचं दार म्हंजे चढ. गाडीचं तोंड डोंगराकडं, मागच्या चाकाला दगड. आमच्या वाडीत सपाट जागा बघायची तर देवळाचं अंगण, न्हाईतर भाकरीचा तवा. काठी बुडवली, वर काढली.

नसरापूरच्या खुणंवरच वलं. कणभर खाली न्हाई.

पुन्यांदा बुडवली. पुसून परत बुडवली. कारभारणीला हाक मारली, तिच्या हातानं बुडवली. तेवढंच. पोती भरून एवढ्या लांब आलेली गाडी डिझेल प्यालीच न्हाई!

आता तुमी म्हणाल, आबा, तुमास्नी तवाच संशय यायला हवा हुता. खरं हाय. पर माणसाला पायजे ते दिसलं की तो डोळे चोळत न्हाई.

तवापासनं म्या रोज तसंच मोजायला लागलो. नसरापुरात एकदा, दारात एकदा. रोज तोच चमत्कार. सकाळी नसरापुराकडं जाताना मातर लई डिझेल जायचं, पर म्हणलं, जाताना मोकळी गाडी उड्या मारती, तिचंच काय तरी असंल. आन गप कुठला बसतोय? शेजारच्या बबनला सांगितलं. बबनचा दुधाचा टेम्पो. त्यानं बी पस्तीस धरली. तिसऱ्या दिशी डेअरीवाल्यानं त्याचं दूध माघारी धाडलं, लई उशीर झाला म्हणून. बबनच्या घरी चार दिस नुसता खरवसासारखा फाटल्या दुधाचा कलाकंद. मलाबी वाटीभर आला, वर निरोप, "आबांच्या पस्तीसचा परसाद."

म्या महिनाभर पस्तीसवरच. पस्तीसला ही गाडी वरच्या गिअरात धडधडती, म्हणून तिसऱ्यात चालवायची. इंजिन सारं कोकलायचं. म्या म्हणायचो, कोकल बाये, पर खाऊ नगं.

मग एका रविवारी संपतला बोलावलं. नसरापुरात त्याच्या हातानं काठी बुडवली, शेजारी बसवला, पस्तीसनं घरी आणला. दारात परत त्याच्याच हातात काठी दिली. पोरगं काठी बघतंय, खूण बघतंय, माझ्याकडं बघतंय.

"आबा, हे कसं हुतंय?"

"नोकरी करणाऱ्याला न्हाई कळायचं," म्या म्हणलं. तीस वर्सांत एवढा ताठ म्या कवा उभा ऱ्हायलो नसंल.

तेवढ्यात वरनं बबनचा टेम्पो आला. बोळ अरुंद, जायाला जागा न्हाई. म्या गाडी काढली, खाली देवळापाशी वळवली, टेम्पो गेला. परत वळवून बोळात घालायचा कट्टाळा आला, म्हणून उलटीच वर घेतली. म्हंजे आता तोंड खाली, ढुंगण डोंगराकडं. मोजून चार मिन्टं.

संपत परत काठी घेऊन आला. "आबा, परत एकदा बघतो. मनाला पटंना." त्यानं बुडवली. काढली. काठीचं नुसतं टोक वलं.

आमी दोघं एकमेकाकडं बघतोय.

"चार मिन्टात?" संपत म्हणला.

"चोरी," म्या म्हणलं. लाज वाटती सांगायला, पर म्या गेलो तो थेट बबनकडं. तो खाली दुधाचे कॅन लावत हुता.

"बबन्या, खरं सांग. डिझेल घेतलंस का?"

"कवा घेऊ आबा? तुमच्या देखत गेलो की शेजारनं. त्या येळात तंबाखूची चंची बी निघत न्हाई खिशातनं." मग कॅन खाली ठिवून म्हणला, "आदी माझं दूध नासवलं, आता चोर बी केलं व्हय?"

खाली मान घालून माघारी आलो. कारभारीण वट्यावर चहा गाळत हुती. संपतनं तिला सगळं सांगितलं. ती पातेल्यातला शेवटचा चहा कपात वतत हुती, पातेलं तिरपं धरून. हात तसाच ठिवला आन म्हणली, "अवो, टाकीचं तोंड कुणीकडं हाय?"

"मागच्या अंगाला. का गं?"

"मग गाडी चढाला लावली की डिझेल मागं गोळा हुणार, तोंडापाशी. उताराला लावली की पुढं पळणार. ह्यात चोर कशाला पायजे?" आन पातेलं माझ्याफुडं हलवून दाखवलं. चहा हिकडनं तिकडं गेला.

नसरापुरात सपाटीला मोजायचं आन घरी चढाला. महिनाभर म्या गाडीची स्पीड न्हाई, दारातला चढ मोजत हुतो. बबनच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. त्यानं परत वाटीभर कलाकंद दिला. तो खाणं ही शिक्षाच हुती.

फुडच्या रविवारी संपतनं सरळ मोजमाप केलं. पंपावर एकाच जागी गाडी उभी करून टाकी काठोकाठ भरायची, जाऊन यायचं, परत तिथंच काठोकाठ भरायची, किती लागलं ते बघायचं. साठ, पन्नास, पंचेचाळीस, पस्तीस, चारी बघितल्या. पंचेचाळीस खरी निघाली. वरचा गिअर, पाय हलका, शेजारच्याशी निवांत बोलता यावं एवढाच आवाज. आन पस्तीस? पस्तीसला तिसऱ्या गिअरात गाडी पन्नासपेक्षा जास्त प्याली हुती. महिनाभर म्या डिझेल वाचवायसाठी डिझेल जाळलं.

पंचेचाळीसला लिटरमागं सहाच्या वर आली, पर सात काय झाली न्हाई. शब्द तो शब्द. म्या म्हणलं, "बोलीव गिऱ्हाईक."

किकवीचा माणूस आला. भला वाटला. गाडीभवती फिरला, चाकं बघितली, खुश दिसला. संपत बोलत हुता, म्या वट्यावर गप बसलो हुतो. माणसानं चहाचा कप उचलला आन मलाच इचारलं, "बाबा, तुमी चालवलीय. कशी हाय, खरं सांगा."

आता कुणी खरं सांगा म्हणल्यावर लबाड कसं बोलायचं? म्या आरंभापासनं सांगितलं. काठी, पस्तीस, तिसरा गिअर, बबन, सगळं. माणूस लई हसला. डोळं पुसत म्हणला, "आन बाबा, इंजिनाचं ऑइल कुठं बघता?"

"हितंच की. दारात. रोज सकाळी, चहाच्या आदी."

त्याचं हसू गेलं. "ह्याच चढावर? म्हंजे ऑइल बी खोटंच दिसलं की! किती वर्सं?"

"तीस."

त्यानं कप खाली ठिवला. चहा अर्धा तसाच. इचार करून सांगतो म्हणला, चपला घातल्या आन गेला. अजून इचारच करतोय.

संपतनं तो अर्धा कप उचलून आत ठिवला. मग माझ्याशेजारी येऊन बसला.

"आबा," म्हणला, "गाडी ठिवायची हुती तर पयल्याच दिशी गिऱ्हाइकाशी तुमीच बोलायचं. पस्तीस कशाला हुडकत बसला?"