आत्मविश्वास आणि डावा कान

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. डिप्लोमा फर्स्ट क्लास, काम चोख, पण बढती काही मिळेना. शेवटी साहेबांनी बोलावून कारण सांगितलं, "मीटिंगमध्ये तुम्ही नुसत्या हसता. विचारावं एक, तर उत्तर भलतंच. जरा कॉन्फिडन्स वाढवा."

मला ते पटलं. घरात तर सगळ्यांनाच पटलं. मामा म्हणाले, नोकरी सोड, बँकेच्या परीक्षा दे. आईने ज्योतिषांकडे नेलं; त्यांनी पुष्कराज सांगितला. मी मात्र स्वतःला आधुनिक समजत होते. मी कॉलेज रोडवरच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला नाव घातलं.

तिथले सर भर मे महिन्यात टाय लावत. आम्ही वीसेक जण आरशासमोर उभे राहून "मी वाघ आहे!" असं ओरडायचो. वाघीण म्हटलं तर चालेल का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "हीच तुमची निगेटिव्हिटी."

दोन महिन्यांत मी समोरच्याच्या नजरेला नजर द्यायला शिकले. पुढच्या मीटिंगमध्ये डावीकडे बसलेल्या साहेबांनी विचारलं, "मालाचं रिजेक्शन का वाढलंय?" मी त्यांच्या डोळ्यांत बघत ठणकावून सांगितलं, "हो सर, शुक्रवारपर्यंत नक्की!"

सगळे हसले. का हसले, ते मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत पत्रा दाबायच्या प्रेसवरचे एक काका डावीकडे येऊन बसले. इगतपुरीकडचे, वीस वर्षं मशीनवर काढलेले. जेवता जेवता उठून ते माझ्या उजव्या बाजूला आले आणि म्हणाले, "ताई, रागावू नका. तुम्हाला डाव्या बाजूनं ऐकायला येत नाय."

"काहीतरीच काय, काका!"

"आत्ता तीनदा विचारलं, लोणचं घेता का. तीनदा तुम्ही नुसत्या हसल्या. माझा कान प्रेसच्या आवाजानं खाल्लाय, मला लगेच कळतं. डॉक्टरला दाखवा."

कानाच्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, पडद्याला जुनं भोक आहे. लहानपणी कान वाहायचा तेव्हा मावशी लसणाचं तेल घालायची, ते मी सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशन लिहून दिलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. तीन वर्षं मी स्वतःला भित्री, मंद, काय काय समजत होते.

ऑपरेशन झालं, बऱ्यापैकी ऐकू यायला लागलं. क्लासच्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, "बघा, ऑपरेशनचं धाडस कुठून आलं?" मी नमस्कार करून निघाले.

मग मीटिंगमधलं सगळंच ऐकू यायला लागलं, आणि आपण इतकी वर्षं फार काही गमावलं नव्हतं, हेही कळलं.

वर्षभराने सुपरवायझर झाले. आता माणसं सांभाळता येईनात. वयाने मोठे ऑपरेटर तोंडावर हो म्हणत आणि आपल्याच मनाचं करत. ह्याला डॉक्टरचा उपयोग नव्हता, टायवाल्याचा तर नव्हताच. मी सरळ काकांना गाठलं.

"शिफ्ट सुरू व्हायच्या आधी या," ते म्हणाले, "आमच्यासंगं चहा प्या. पहिला महिना कामाचं काय बोलू नका."

मी गेले. चहा भयंकर गोड होता. तिसऱ्या आठवड्यात एका ऑपरेटरने आपणहून सांगितलं, की चार नंबरच्या प्रेसची डाय झिजलीय, साच्यातूनच माल खराब निघतोय.