एका वेळी किती दारू?

आता हे नेमकं कोणत्या हिवाळ्यात घडलं, ते मला विचारू नका. निनाद, माझा मुलगा, म्हणतो, बाबा निम्मं विसरलेत आणि उरलेलं रचतात. असेलही. पण माझी कानशिलं तापली होती, ती रचलेली नाहीत.

निनाद बहारीनमध्ये एका कंपनीत अकाउंटंट. मी गुदैबियात त्याच्या फ्लॅटवर राहायला गेलो होतो. कंपनीचे मालक हाजीसाहेब. त्यांना सखीरच्या वाळवंटात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर बंदूक चालवायचा नाद. काडतुसं विकत घ्यावीत, की रिकामी नळकांडी घरी पुन्हा भरावीत? स्वस्त काय? निनाद बोलून गेला, आमचे बाबा केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते, ते हिशेब करून देतील. झालं! त्याचा करार संपत आला होता, आणि नव्या करारावर सही हाजीसाहेबांचीच व्हायची होती.

आठवडाभर मी कागद काळे केले. ठिणगी पाडणारी टोपी, छर्रे, दारू, भरायचं यंत्र. नळकांडं फुकट धरलं. मग शंका आली, ते कितीदा टिकतं? फाटलं तर? सगळं खोडलं. शेवटी असं निघालं की रोज बार उडवणाऱ्याने भरावीत, सुटीपुरत्या हौशीला विकतचीच परवडतात. एकच आकडा हवा होता. एका काडतुसात हाजीसाहेब दारू किती घालतात?

मुहर्रकला त्यांच्या घरच्या बैठकीत दहा-बारा पाहुणे होते, सगळ्यांना कामापुरतं हिंदी येणारे. हाजीसाहेबांनी माझ्या गुडघ्यांची, शुगरची चौकशी केली. मला मुद्द्यावर यायची घाई. काडतुसात भरतात तिला मराठीत दारूच म्हणतात ना हो? मी तोच शब्द हिंदीत ढकलला.

"हाजीसाहब, आप एक बार में कितनी दारू लेते हैं?"

कॉफीचे पेले पाहुण्यांच्या हातातच राहिले. हाजीसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, "सुबह दो गोली, रात को एक."

मी लिहून घेतलं. रात्री कसला नेम धरतात, हे मनात आलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

"बाहर की महँगी पड़ती है. घर में भरिए."

"घर में तो अलमारी भरी है, प्रोफेसर."

एक वृद्ध पाहुणे जपमाळ ओढत जमिनीकडे पाहू लागले. निनादने माझा गुडघा दाबला, तोही दुखरा. "बाबा, खलास. हिंदीत तिला बारूद म्हणतात. तुम्ही ड्रिंक्सबद्दल विचारताय."

पुढचं आठवत नाही. चप्पल शोधल्याचं आठवतं.

रात्रभर झोप नाही. सकाळी निनादला न सांगता मी तीन पानी इंग्रजी माफीपत्र लिहिलं. मराठीत दारूचे अर्थ दोन, आपण मद्यपी आहात असं सुचवण्याचा हेतू नव्हता, वगैरे. स्वतः ऑफिसात नेऊन दिलं. करार तीन आठवडे अडकला. मी माझ्या त्या प्रश्नाला शिव्या घालत राहिलो. अखेर एकदाची सही झाली.

बऱ्याच वर्षांनी हाजीसाहेबांचा मुलगा भेटला, तेव्हा मी भीत भीत विषय काढला. तो हसायला लागला. त्यांच्या घरात फारसी बोलतात, आणि फारसीत दारू म्हणजे औषध. वडिलांनी मला ब्लड प्रेशरच्या गोळ्या सांगितल्या होत्या! एवढ्या आपुलकीने विचारपूस करणाऱ्या माणसाच्या मुलाला सोडायचं नाही, असं म्हणत त्यांनी दुसऱ्याच सकाळी करारावर सही केली होती. दुपारी त्यांनी माझं पत्र वाचलं आणि करार परत मागवला.