शेजारच्याची थंडी

पंखा फिरतोय, वारा लागत नाही. सांगलीतली चैत्रातली दुपार, कारखान्याला सुट्टी, खिडकीला ओला पंचा. श्रेणिक मगदूम सतरंजीवर आडवा पडलाय आणि समोरच्या टीव्हीत बर्फ पडतोय.

बर्फाळ कड्यावर दोघं उभी आहेत, एकमेकांना खेटून. गेममधला लाल टोपीवाला श्रेणिकचा. हिरव्या टोपीवाली त्रिशलाची, त्याच्या बायकोची. त्रिशला जाऊन हा दुसरा उन्हाळा. तिचा कंट्रोलर त्याच्या उशाशी पालथा पडलाय. ओळखू यावा म्हणून तिनं मुठीला केसांचं रबर गुंडाळलं होतं, ते तसंच आहे.

तपासायचं आहे ते एवढंच. या गेममध्ये एक गोधडी मिळते. तिच्याखाली लिहिलेलं असतं : जुनी गोधडी, कुणाच्या तरी आईनं शिवलेली. बाकी ना ताकद, ना आकडा. पण नेटवर कुणीतरी छातीठोकपणे सांगून ठेवलंय की तिच्यात छुपा गुण आहे. ज्यानं पांघरलीय त्याला काही फायदा नाही. त्याला खेटून जो उभा असेल, त्याला थंडी कमी लागते. त्रिशलाचा यावर पूर्ण विश्वास होता. श्रेणिकचा काडीचा नाही. तो फौंड्रीत क्वालिटीला आहे. ओतलेल्या लोखंडात पोकळी आहे की नाही, हे स्वतः ठोकून, कापून बघितल्याशिवाय तो सही करत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. बघू कधीतरी तपासून, असं तो तिला म्हणत राहिला आणि ते राहून गेलं.

मग तिचं रक्ताचं दुखणं निघालं. वॉर्डात भर उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरायची. तो खाटेवर चढून तिला खेटून बसायचा, सिस्टर रागवायच्या, तो उतरायचा नाही. कारण ती म्हणायची, तू बसलास की कमी होतं.

म्हणून तो बसून राहिला. ती गेली तेव्हाही बसलेलाच होता.

खरंच कमी होत होतं का, एवढं त्याला कळायला हवंय. त्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही, जेवण सुचत नाही, माणसं सुचत नाहीत. पण ते आता तपासणार कुणावर? म्हणून हा गेम. लाल टोपीच्या अंगावर गोधडी घालायची, हिरव्या टोपीला शेजारी उभं करायचं. मग गोधडी काढायची, पुन्हा उभं करायचं. तिची थंडीची निळी पट्टी दोन्ही वेळा सारख्याच वेगानं भरते. हिरवी टोपी गुडघ्यांवर बसते, गोठते. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आताही पट्टी निम्मी झालीय. डोळ्यांवर झापड येतेय. पंख्याचा आवाज फौंड्रीतल्या ब्लोअरसा

ब्लोअरच आहे. तो भट्टीजवळ उभा आहे आणि खाली वाळूऐवजी बर्फ पसरलाय. साच्यांच्या रांगा पांढऱ्याफटक. एका पालथ्या पेटीवर बसून त्रिशला पुडीतलं भडंग खातेय.

"हेल्मेट कुठंय तुझं?" तो विचारतो. इतक्या दिवसांनी भेटलेल्या बायकोला पहिला प्रश्न हा.

"डोक्यात काही पडून आता काय व्हायचंय," ती म्हणते. "साहेबांची चाचणी कुठवर आली?"

तो सांगू लागतो. निकाल रोज तोच येतोय, पण चूक त्याच्या पद्धतीत असेल, दोघं नीट खेटून उभी नसतील, बर्फाचा जोर कमीजास्त होत असेल. ती शेंगदाणे वेचून वेचून खात राहते. तिच्या केसांना रबर आहे. केस आहेत. ते त्याच्या उशिरा लक्षात येतं आणि त्यावर काही बोलू नये असं

"पुढं सरक," ती म्हणते, आणि ती खाट आहे. खिडकीबाहेर वॉर्डाची गॅलरी, गॅलरीत भट्टी, तिचा उजेड छतावर हलतोय. ऊब मात्र येत नाही. तो चढून तिला खेटून बसतो. कुणी रागवत नाही. चादर दोघांच्या गुडघ्यांवर. तिचे दात वाजतायत, हळू, लांबून कुणी पत्रा ठोकावा तसे.

त्याला वाटतं, इथं विचारता येईल. हीच जागा, हीच चादर, तीच माणसं.

"त्रिशला, मी बसलो की कमी व्हायचं का गं?"

ती पुडीची घडी घालते. घडीवर घडी. ती खोटं सांगेल असं त्याला वाटतं, आणि तिनं सांगावं असंही वाटतं.

"नाही," ती म्हणते. "थंडी तेवढीच होती."

"जराही नाही?"

"जराही नाही."

"मग कमी होतं म्हणायचीस ते?"

"नाहीतर तू उठून गेला असतास. अजून एक ब्लँकेट आणायला, डॉक्टरला हुडकायला, कुणाशी तरी भांडायला. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय?"

चादरीवर बर्फ साचतोय. भिंत कुठंच नाही, कडा आहे, खाली सगळं निळं. तिच्या डोक्यावर हिरवी टोपी. त्याला लाल टोपी घट्ट होतेय.

"आता उलटं करून बघ," ती म्हणते. "तू रोज तूच पांघरतोस. दे इकडं."

"नको."

"एकच गोष्ट बदलायचीय ना? पांघरणारं माणूस. दे."

"त्रिशला, नको. मला नाही बघायचं."

ती त्याच्या खांद्यावरची गोधडी ओढू लागते. तो गोधडीचं टोक धरून ठेवतो, ती ओढते, पोरांची ओढाताण चालावी तसं दोघं काही क्षण ओढत राहतात आणि तिला हसू येतं. मग ती गोधडी नीट लपेटून घेते आणि त्याच्या शेजारी, दंडाला दंड लावून, उभी राहते.

"हलू नकोस हां," ती म्हणते. "चाचणी बिघडेल."

तो हलत नाही. तिच्या दातांचा आवाज थांबतो. त्याच्या पायांतून ऊब चढू लागते, पोटऱ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, आणि त्याला ती ऊब नकोय, ती परत घे म्हणून तो तिच्याकडे वळ

पंखा. खिडकीला पंचा, वाळून कडक. घामानं सतरंजी चिकटलीय.

त्याच्या डाव्या मुठीत तिचा कंट्रोलर आहे. तो मूठ उघडतो. तळहातावर रबराचा वळ उठलाय, लाल, खोल, पिळासकट.

टीव्हीत बर्फ पडतोय. हिरवी टोपी गुडघ्यांवर बसलीय, गोठलेली, आणि गोधडी तिच्या अंगावर आहे. शेजारी लाल टोपीवाला उभा. त्याची निळी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबलीय.

झोपेत बोटं चालली असतील, तो स्वतःला सांगतो. एका चाचणीवर तो कधी सही करत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं.

त्याचा अंगठा बटणावर येतो आणि तिथंच राहतो. कड्यावर लाल टोपीवाला उभा आहे. त्याच्या एकट्याच्या तोंडातून वाफ निघतेय.